कॅलॅथियाच्या पानांच्या कडा जळतायत? आधी पाणी बदला

कॅलॅथिया या शोभेच्या झाडाच्या पानांवरची नक्षी एकदम झकास, पण कडा पापडासारख्या कुरकुरीत तपकिरी होतात आणि आपण पाणी कमी पडलं समजून अजून ओततो. मी तर आरओचं वेस्ट पाणी वाया नको म्हणून रोज तेच घालत होते, आणि त्यातच तर कडा जाळणारे सगळे क्षार!

१. पावसाचं साठवलेलं नाहीतर आरओचं प्यायचं पाणी घाला, एका कुंडीला लागतं तरी किती.
२. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून खालून धार निथळेपर्यंत तेच पाणी सोडा, साचलेले क्षार वाहून जातात.
३. एरवी बोटाचं एक पेर मातीत खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी.

जळलेली कडा परत हिरवी होत नाही, फरक नवीन पानाची सुरळी उघडली की दिसतो. आणि बशीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.