खोके, टेट्रा पॅक आणि चिप्सची पाकिटं: फेकायच्या आधी हे करून बघा

ऑनलाईन मागवलेल्या सामानाचे खोके साठले की "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून ते माळ्यावर जातात आणि मग तिथे झुरळं संसार थाटतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे निवड करणं. तेलाचे डाग पडलेला पिझ्झाचा बॉक्स घ्यायचाच नाही, त्यावर खळ धरत नाही वर मुंग्या लागतात. एकदा भिजून वाळलेला पुठ्ठा पण नको, त्यात काही दम राहत नाही. मिक्सर, कुकर वगैरे जड वस्तूंचा खोका मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण तो बहुतेक वेळा 5 प्लायचा, म्हणजे कागदाच्या पाच थरांचा असतो. कडेने बघा, नागमोडी कागदाचा एकच थर दिसला तर 3 प्लाय, दोन दिसले तर 5.

आता खरी गोष्ट. पुठ्ठ्याच्या वस्तू टिकत नाहीत असं लोक म्हणतात ना, त्यात दोष पुठ्ठ्याचा कमी आणि आपण तो आडवातिडवा कापतो त्याचा जास्त. त्या नागमोडी थरामुळे आत बारीक बारीक नळ्या तयार होतात. नळ्यांच्या दिशेने पुठ्ठा पटकन दुमडतो, त्यांना आडवा दुमडायला गेलं की चुरगळतो. त्यामुळे वजन पेलणारा भाग, म्हणजे स्टँडचे पाय किंवा बाजू, असा कापायचा की नळ्या उभ्या येतील, आणि वरची फळी करताना दोन तुकडे एकमेकांवर चिकटवायचे, एकाच्या नळ्या आडव्या, दुसऱ्याच्या उभ्या. एवढं सांभाळलंत तर वर मसाल्याच्या बरण्या ठेवल्या तरी फळी बाक धरत नाही.

चिकटवायला दरवेळी फेविकॉलच लागतो असं नाही, मोठ्या कामाला घरची खळ स्वस्त पडते. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा, मग चार वाट्या पाणी घालून मंद गॅसवर ढवळत राहायचं, पांढरटपणा जाऊन चकाकी आली की झालं. कीड लागू नये म्हणून जुने लोक यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, तुम्हीही घालू शकता पण ते विषारी आहे, म्हणून भांडं आणि चमचा कायमचा वेगळा ठेवा आणि लहान मुलं मदतीला असतील तर मोरचूद विसराच, ताजी खळ करा आणि संपवून टाका. आणि हे सगळं पावसाळ्यात करू नका हो, दमट हवेत खळ वाळता वाळत नाही आणि मग बुरशी धरते.

सुरुवात किचनच्या ड्रॉवरपासून करा, कारण लगेच उपयोग होतो आणि चुकलं तरी झाकलेलं राहतं. ड्रॉवरची आतली लांबी, रुंदी, उंची मोजा. उंचीपेक्षा अर्धा सेंटीमीटर कमी अशा पट्ट्या कापा, इथे मात्र नळ्या पट्टीच्या लांबीच्या दिशेने हव्यात, नाहीतर लांब पट्टी मधेच वाकते. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदणार तिथे एकीला वरून आणि दुसरीला खालून बरोब्बर अर्ध्या उंचीपर्यंत खाच पाडा. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढी, जराही जास्त नको, सैल झाली की कप्पे डुगडुगतात. मग पट्ट्या एकमेकीत अडकवायच्या, चिकटवायची गरजच नाही, पुढे कप्पे बदलायचे असतील तर उपसून परत लावता येतात. कापताना स्टीलची पट्टी आणि नवीन ब्लेड घ्या आणि एकदाच जोर लावण्यापेक्षा हलक्या हाताने तीनदा फिरवा. बोथट ब्लेडने पुठ्ठा फाटतो, वर बोटही कापतं.

गणपतीच्या मखराला पण हेच तंत्र. 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठ्याची मखरं बरीच दिसायला लागली. कमान वळवायची असेल तर एका बाजूच्या कागदावर ओला फडका फिरवा, पाच मिनिटं थांबा आणि तो वरचा कागद सोलून काढा. राहिलेला पुठ्ठा नळ्यांच्या दिशेने हवा तसा गोल वळतो. वळवून, दोरीने बांधून रात्रभर वाळू द्या. रंग देण्याआधी जुन्या वर्तमानपत्राचा एक थर खळीने लावलात तर छापील अक्षरं, बारकोड, सगळं झाकलं जातं.

चिप्सची पाकिटं आतून चंदेरी असतात, ती उभी कापून भांडी घासायच्या साबणाने धुवा, पुसून घ्या आणि आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या करा, बाजारातल्यापेक्षा जास्त चमकतात. कंदिलात बल्ब मात्र एलईडीच, साधा बल्ब तापतो, आणि आपला कंदील कागदाचा आहे.

टेट्रा पॅकमध्ये कागद, प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम असे थर एकत्र दाबलेले असतात, त्यामुळे पाण्याने तो लगेच मऊ पडत नाही. एक लिटरचा पॅक वरून कापा, आतून धुवा (ज्यूसचा असेल तर दोनदा, नाहीतर मुंग्या), तळाला चार भोकं पाडा आणि मिरची किंवा टोमॅटोचं बी लावा. महिनाभरात रोप कुंडीत हलवण्याएवढं होतं, तेवढा वेळ पॅक आरामात टिकतो. कोथिंबिरीला पॅक उभा नको, आडवा ठेवून वरची बाजू कापा, म्हणजे पसरायला जागा मिळते.

दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या पण रोपांना चालतात. फक्त पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून काढू नका, नुसती चीर द्या, कारण तो कापलेला बारकासा तुकडा कचरा वेचणाऱ्यांच्याही हाती लागत नाही आणि सरळ गटारात जातो.