शिंपी ते सराईवाला: जुन्या जर्मनीतील एका आयुष्याचा माग कसा काढावा

सोळाव्या ते अठराव्या शतकातील जर्मनीत एखाद्या शिंप्याने सराई चालवायला घेतली, तर त्या निर्णयाची सलग हकीकत बहुधा कुठेच मिळत नाही. एका कागदात तो शिंपी असतो, पुढच्या कागदात सराईवाला, आणि मधली वर्षे आपल्यालाच जुळवावी लागतात. म्हणून शोधाची सुरुवात धंद्यापासून न करता घरापासून आणि लग्नापासून करावी. दारावर बैल, सिंह किंवा मुकुटाचे चिन्ह टांगून मुक्कामी पाहुणे घेण्याचा हक्क अनेक ठिकाणी माणसाला नव्हे, तर वास्तूला जोडलेला असे. ते घर विकत घेणाऱ्या किंवा सराईवाल्याच्या विधवेशी लग्न करणाऱ्या शिंप्याला तो हक्कही मिळू शके.

पहिला आधार म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. दक्षिण जर्मनीतील प्रोटेस्टंट व्युर्टेंबर्गमध्ये १५५८ साली त्या ठेवण्याचा आदेश निघाला, तर कॅथलिक पंथासाठी ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये तसा नियम केला. आज प्रोटेस्टंट वह्या आर्किऑन या सशुल्क संकेतस्थळावर, तर अनेक कॅथलिक वह्या मात्रिकुलावर विनामूल्य पाहता येतात. लॅटिन नोंदीत शिंप्याला ‘सार्तोर’ आणि सराईवाल्याला ‘काउपो’ किंवा ‘होस्पेस’ म्हटलेले असते. ‘श्नायडर’ (जर्मन भाषेत शिंपी) हा शब्द मात्र धंदाही असू शकतो आणि आडनावही, त्यामुळे तेवढ्यावरून कोणाला शिंपी ठरवू नये.

धंदा का बदलला, याचा अंदाज एकाच धंद्यातील कारागिरांच्या संघाच्या, म्हणजे ‘त्सुन्फ्ट’च्या दप्तरावरून येतो. उमेदवारी, मग गावोगाव फिरून केलेली कारागिरी आणि शेवटी कसोटीचे काम, एवढे पार पाडल्यावर उस्तादपद मिळे. पण कात्री, सुया आणि इस्त्री एवढ्याच भांडवलावर धंदा उभा राहत असल्याने शिंप्यांची गर्दी फार आणि कमाई बेताची. उस्तादांच्या यादीतून नाव गळाले, तरी त्याने सुई सोडली असे लगेच मानू नये, कारण दोन्ही कामे सांभाळणारे लोकही होते. नेदरलँड्समधील लायडनच्या यानने शिंपीकामही केले आणि सराईही चालवली. पुढे १५३४ मध्ये त्याने जर्मनीतील म्युन्स्टर शहरात स्वतःला राजा म्हणवून घेतले आणि १५३६ च्या जानेवारीत त्याला देहदंड झाला. त्याच्यावरून साध्या शिंप्याविषयी काही ठरवणे अर्थातच धोक्याचे आहे.

माझ्या मते सर्वांत बोलका कागद म्हणजे मालमत्तेची यादी. व्युर्टेंबर्गमध्ये १५५५ च्या कायद्यानंतर लग्नाच्या वेळी पतिपत्नींनी काय आणले आणि मृत्यूनंतर काय उरले, याच्या याद्या होऊ लागल्या. त्या आज बहुधा त्या त्या गावाच्या अभिलेखागारात असतात. घर, जमीन, रोकड, कपडे, अंथरुणे, कथलाची व तांब्याची भांडी, लोखंडी सामान, पिंपे असे त्यांतील वर्ग असतात. लग्नाची आणि मृत्यूनंतरची अशा दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. एका घराला लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त बिछाने, कथलाच्या ताटांची चळत, तळघरातील दारूची पिंपे आणि शेवटी लोखंडी सामानात नोंदलेली जुनी इस्त्री दिसली, की माणसाची दोन्ही आयुष्ये एकाच पानावर भेटतात. येणे आणि देणे यांचे रकानेही सोडू नयेत: गिऱ्हाइकांची उधारी किती थकली आणि दारू पुरवणाऱ्यांचे किती देणे राहिले, हे तिथेच कळते.

यानंतर ‘उमगेल्ट’ या दारूविक्रीवरील कराचे हिशेब पाहावेत. ते नियमित ठेवलेले असतील, तर सराई कोणत्या वर्षापासून चालली हे त्यांतून निश्चित करता येते. भांडणे, मारामाऱ्या आणि वेळ उलटून दारू विकल्याचे दंड न्यायालयाच्या वह्यांत मिळतात.

रकमा वाचताना दक्षिण जर्मनीत १ गुल्डन म्हणजे ६० क्रॉयत्सर आणि १ बात्सेन म्हणजे ४ क्रॉयत्सर, असे धरावे. १६१९ ते १६२३ दरम्यान नाण्यांचा कस इतका घसरला होता, की त्या वर्षांतील मोठा आकडा श्रीमंतीचा पुरावा ठरत नाही. तारखांचेही तसेच आहे. कॅथलिक प्रदेशांनी १५८२ पासून पुढील काही वर्षांत ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले, प्रोटेस्टंट प्रदेशांनी मात्र १७०० मध्ये. तेव्हा सतराव्या शतकातील एकाच घटनेच्या दोन नोंदींत नेमका दहा दिवसांचा फरक आढळला, तर कारकुनाला दोष देण्याआधी दोन्ही गावांचा पंथ तपासावा.