ऑसिलोस्कोपने गाडीतील विद्युत बिघाड शोधताना

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी गॅरेजमध्ये कामाला लागलो, तेव्हा माझ्या हाताशी टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर आणि स्कॅनर एवढीच साधने होती आणि ती पुरेशी आहेत अशी माझी समजूत होती. एका पेट्रोल गाडीने ती मोडली. ही गाडी चालताना मध्येच झटका देई, कधी बंदही पडे, आणि स्कॅनरवर दर वेळी पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या (क्रँकशाफ्टची स्थिती व वेग सांगणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटचा कोड येई. आम्ही सेन्सर बदलला, पण आठवडाभरात गाडी परत आली. दुसरा बसवला, तरीही दोष कायम राहिला. सेन्सरला मिळणारा पुरवठा मल्टिमीटरवर व्यवस्थित ५ व्होल्ट दिसत होता. ग्राहकाचे पैसे दोनदा वाया गेले, याची रुखरुख मला आजही आहे.

मल्टिमीटरवरचा आकडा सेकंदाला मोजक्याच वेळा बदलतो, त्यामुळे वीस-तीस मिलिसेकंद टिकणारा खंड त्यावर उमटतच नाही. ऑसिलोस्कोप मात्र व्होल्टेजचा आलेख काळानुसार काढतो. मी एका चॅनेलवर सेन्सरचा सिग्नल आणि दुसऱ्यावर त्याचा पुरवठा घेतला, पुरवठा ३ व्होल्टच्या खाली उतरताच चित्र पकडले जाईल असा ट्रिगर लावला आणि इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जागोजागी हलवून पाहिला. झटका बसला त्या क्षणी दोन्ही रेषा एकदमच शून्याकडे गेल्या. पुरवठाच तुटत होता, म्हणजे सेन्सर निर्दोष होता. त्याच ५ व्होल्टच्या लाइनवर एसीचा प्रेशर सेन्सरही जोडलेला होता. त्याचा कपलर (वायर जोडणारा प्लग) काढताच खंड थांबले. त्याची वायर एका ब्रॅकेटवर घासून उघडी पडली होती आणि इंजिनच्या हादऱ्याने अधूनमधून बॉडीला टेकून शॉर्ट होत होती.

नवशिक्यांनी सुरुवात बिघडलेल्या गाडीपासून करू नये, असे माझे ठाम मत आहे. निरोगी सिग्नल कसा दिसतो हे डोळ्यांत बसलेले नसेल, तर दोष समोर असूनही ओळखता येत नाही. इंजिन ८०० आरपीएमवर असताना क्रँकची एक फेरी ७५ मिलिसेकंदांत आणि चार स्ट्रोकचे पूर्ण चक्र १५० मिलिसेकंदांत होते. त्यामुळे पडद्यावरील एका घराला २० मिलिसेकंद दिले की दहा घरांत एक चक्र सहज मावते. अनेक गाड्यांच्या क्रँक चाकावर ५८ दाते आणि दोन दातांची मोकळी जागा असते, आणि ती जागा प्रत्येक फेरीत एकदा दिसायलाच हवी. चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर चौकोनी लहर देतो. कॉइलच्या सेन्सरची लहर नागमोडी असून तिची उंची वेगाबरोबर वाढते, म्हणून स्टार्टर मारताना ती लहान दिसली एवढ्यावरून सेन्सरला दोष देऊ नये.

प्रोबचा (ऑसिलोस्कोपच्या मोजणीच्या वायरचा) ग्राउंड क्लिप नेहमी बॅटरीच्या निगेटिव्हलाच लावावा. घरगुती विजेवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपचा हा क्लिप आतून अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे तो चुकून दुसरीकडे लागल्यास शॉर्ट होण्याचा धोका असतो. इंजेक्टर बंद होताना त्याच्या कॉइलमधून ६० ते ८० व्होल्टचा उसळता झटका येतो, तर इग्निशन कॉइलच्या प्रायमरीवर (कमी व्होल्टेजच्या गुंडाळीवर) तो ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत जातो. म्हणून व्होल्टेज कमी करून देणारा अ‍ॅटेन्युएटर लावल्याशिवाय आणि उपकरणाची मर्यादा तपासल्याशिवाय या जागांना हात घालू नये. वायरला टाचणी टोचून मोजण्याची सवयही टाळावी, कारण त्या छिद्रातून ओलावा शिरून तांबे सडते. कपलरच्या मागून बारीक बॅक-प्रोब पिन सरकवावी.

कॅन बसकडे, म्हणजे गाडीतील कंट्रोल युनिट्समध्ये संदेश नेणाऱ्या दोन वायरींच्या जोडीकडे, थोडा सराव झाल्यावर वळावे. तिच्या दोन्ही वायर शांत असताना २.५ व्होल्टवर असतात आणि संदेश जाताना एक ३.५ कडे, तर दुसरी १.५ कडे जाते. स्कोप लावण्याआधी बॅटरी काढून स्कॅनर जोडण्याच्या सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमधील रोध मोजावा. बसच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो, म्हणून तो साधारण ६० ओहम आला पाहिजे. १२० आल्यास एका टोकाचा रोधक तुटलेला आहे, हे स्कोपशिवायच कळते.

मी आजही प्रत्येक निरोगी गाडीचे आलेख इंजिनचा प्रकार, आरपीएम आणि तापमान यांची नोंद करून साठवून ठेवतो, आणि तेच मॉडेल बिघडून आले की दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहतो.