लाकडासाठी सागाची निवड आणि तोड

सुरगाणा, पेठ या नाशिकच्या पश्चिमेकडील तालुक्यांत बांधावर किंवा मालकीच्या रानात साग असेल, तर तोडीपूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी आणि माल हलविण्यासाठी वाहतूक परवानाही मिळवावा.

झाड निवडताना केवळ घेर पाहू नये. खोड सरळ, बऱ्याच उंचीपर्यंत फांद्यांविना वाढलेले असावे. सालीच्या रेषा खोडाभोवती पिळत गेल्या असतील तर फळ्या वाळताना वाकतात, आणि बुंध्याशी खोल खाचा असतील तर कापणीत बरेच लाकूड वाया जाते. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून पाहावे, पोकळ आवाज आल्यास ते झाड सोडावे. कोवळ्या सागात टिकाऊ गाभा कमी आणि किडीला बळी पडणारा पांढरा भाग जास्त असतो, म्हणून घाईने तोडणे हे मला झाडाचे नुकसानच वाटते.

पानगळीनंतर, पावसाळ्याच्या बरेच आधी तोड करावी. ज्या दिशेला झाड पाडायचे त्या बाजूस व्यासाच्या सुमारे पाव भाग खोल खाच घ्यावी, विरुद्ध बाजूने किंचित वरून करवत चालवावी, मात्र मधली पट्टी पूर्ण कापू नये, कारण तीच झाडाला दिशा देते. पळण्याची वाट आधीच मोकळी ठेवावी.

ओंडक्यांच्या टोकांना लगेच मेण किंवा रंग लावावा, अन्यथा ती तडकतात. चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचाव्यात.