पीडीएफमध्ये नसलेल्या फाँटच्या जागी दुसरा फाँट कसा बसवायचा

पीडीएफ आपल्याकडे एकदम व्यवस्थित दिसते आणि समोरच्याने उघडली की अक्षरं एकमेकांवर चढलेली नाहीतर नुसते चौकोन, याचं कारण बहुतेक वेळा एकच, फाईलमध्ये फाँटचं फक्त नाव असतं, फाँट नसतो. मग उघडणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने दुसरा लावतं. तो कुठला लावायचा हे आपणच ठरवून द्यायचं आणि मग एम्बेड करायचं, म्हणजे फाँट पीडीएफच्या आतच बसवायचा.

आधी नेमका कुठला फाँट नाहीये ते शोधा. अ‍ॅक्रोबॅटमध्ये फाईल मेनूत प्रॉपर्टीज, त्यात फाँट्सचा टॅब. ज्याच्यापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' (म्हणजे वापरलेली तेवढीच अक्षरं आत) लिहिलंय त्याची काळजी नाही. बाकीच्यांखाली 'अ‍ॅक्चुअल फाँट' म्हणून भलतंच नाव दिसलं तर बदली आधीच झालीये असं समजा. कमांड लाईनवर काम करत असाल तर पॉप्लर या फुकट पीडीएफ टूल्सच्या संचातलं पीडीएफफाँट्स चालवा, 'एम्ब' कॉलममध्ये 'नो' आलं की तोच फाँट. नाव हायफनसकट जसंच्या तसं कॉपी करून ठेवा.

मूळ फाँट मिळत असेल (आणि त्याचं लायसन्स एम्बेड करू देत असेल) तर बदलीच्या भानगडीत पडूच नका, तो इन्स्टॉल करा आणि अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या प्रीफ्लाइटमधून (पीडीएफ तपासून दुरुस्त करायचं टूल) एम्बेड करून टाका.

नसेलच मिळत तर बदली निवडताना दिसण्याआधी रुंदी बघा, खरी मेख तिथेच आहे. पीडीएफमध्ये अक्षरांच्या रुंदीचे आकडे सहसा आधीच लिहिलेले असतात, फाँट साइजच्या 1000 भागांच्या हिशोबात. हेल्व्हेटिकाचा छोटा 'आय' 222 आणि छोटा 'एम' 833, पण कुरियरमध्ये सगळेच 600. म्हणजे 222 च्या जागेत 600 चं अक्षर कोंबलं की ते शेजारच्यावर चढणार नाहीतर चेपलं जाणार. म्हणून रुंदी जुळणाऱ्या जोड्याच घ्या: एरियलला लिबरेशन सान्स, टाइम्स न्यू रोमनला लिबरेशन सेरिफ, कॅलिब्रीला कार्लिटो, कॅम्ब्रियाला कॅलाडिया. हे सगळे फुकट मिळतात.

आता घोस्टस्क्रिप्ट, म्हणजे कमांड लाईनवरून पीडीएफ नव्याने लिहून देणारं सॉफ्टवेअर. त्याच्या फाँटमॅप फाईलची (कुठल्या नावाला कुठली फाँट फाईल वापरायची याची यादी) कॉपी करा आणि शेवटी एक ओळ वाढवा: आधी तिरकी रेघ (/) देऊन पीडीएफमधलं फाँटचं नाव, मग कंसात बदली फाँटच्या फाईलचं नाव, मग एक स्पेस सोडून सेमीकोलन. सेमीकोलन विसरू नका. बोल्ड आणि इटॅलिकसाठी वेगवेगळ्या ओळी लागतात, एकाच ओळीत भागत नाही. फाँट ज्या फोल्डरमध्ये आहे तो फाँटपाथ म्हणून द्या, ही नवी फाईल फाँटमॅप म्हणून द्या, आउटपुट पीडीएफच यावं म्हणून पीडीएफराइट डिव्हाइस निवडा, एम्बेड-ऑल-फाँट्स चालू ठेवा आणि आउटपुटला वेगळं नाव द्या, मूळ फाईल जपून ठेवा. चालताना स्क्रीनवर कुठला फाँट कशाऐवजी घेतला ते येतं, ते नीट वाचा.

देवनागरीबद्दल मात्र कळकळीने सांगतो, तिथे हा उपाय शक्यतो करू नका. श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरी आकार बसवलेले असतात, बदली झाली की सरळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोड फाँटमध्येही पीडीएफ बहुतेक वेळा अक्षर नाही तर त्या फाँटमधल्या आकाराचा नंबर ठेवते, दुसऱ्या फाँटमध्ये त्याच नंबरावर भलताच आकार असतो, त्यामुळे मूळ फाँटच शोधा किंवा मूळ डॉक्युमेंटमधून पीडीएफ परत काढा.

शेवटी नवी फाईल पुन्हा पीडीएफफाँट्समधून काढा, सगळीकडे 'येस' हवं. पण तेवढ्यावर थांबू नका, दोन्ही फाईली शेजारीशेजारी उघडून 200 टक्के झूम करा, ओळींची टोकं, टेबलातले आकडे आणि बुलेट बघा. माझ्या एका फॉर्ममध्ये विंगडिंग्ज 2 ची बदली साध्या फाँटने झाली होती, सगळे 'येस' आले, आणि बरोबरच्या खुणेच्या जागी प्रत्येक चौकटीत इंग्रजी कॅपिटल 'पी' छापला गेला होता.