नाथसागराच्या फुगवट्यात ओढ्याचं कोणतं मुख निवडायचं? आधी नकाशा वाचा

आपल्या मराठवाड्यात खाडी नाही, पण ओढा जिथं जायकवाडी धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या, फुगवट्यात शिरतो तिथं जवळपास तसंच काम चालतं, पाणी मंदावतं, गाळ बसतो, त्यावर किडेमुंग्या आणि त्यांच्यामागं पक्षी येतात. अशी मुखं पुन्हा जिवंत करायची असतील तर पैसा आणि माणसं थोडीच असतात, म्हणून जागा नीट निवडा.

कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट फुकट आहे, त्यात सेंटिनल-२ उपग्रहाचे फोटो मिळतात, फोटोतला एक चौकोन १० मीटरचा, म्हणजे शेताचा बांध दिसणार नाही पण शेत दिसतं. दोन तारखा काढा, एक मे २०१६ मधली, तेव्हा धरण पार तळाला गेलं होतं, आणि दुसरी धरण भरलेल्या वर्षातल्या ऑक्टोबरची. दोन्हीतली पाण्याची कड क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आखा. मधला जो पट्टा कधी बुडतो, कधी उघडा पडतो, आपली जागा त्यातच. पण महिन्यामहिन्याला बघाच, कारण पाणी हळूहळू उतरणारा उथळ उतार पाहिजे, आठवड्यात कोरडा होणारा काठ काही कामाचा नाही. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा सेंटिनल-१ उपग्रहाचं रडार वापरा, त्याला ढगांआडचंही दिसतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे हिरवा रंग. जानेवारीच्या फोटोत मला एका मुखाशी मस्त हिरवळ दिसली, पाणकणीस (पाण्याकाठचं उंच गवत) असणार म्हणून खूश होऊन गाडी काढली, तर तिथं गाळपेराचा, म्हणजे पाणी हटलेल्या गाळात पेरलेला, हरभरा घाट्यावर आलेला! शेतकरी दादा म्हणाले, "पाणी हटलं की आम्ही लगेच पेरतो बघा." ते कुटुंब त्या हरभऱ्यावर जगतं, तिथून त्यांना उठवायचं माझ्या मनात सुद्धा आलं नाही, ती जागा यादीतून काढली. जलपर्णी आणि बेशरमाची झुडपं पण वरून अशीच हिरवी दिसतात.

म्हणून तीन-चार जागा उरल्या की गट नंबर महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर बघा, जमीन जलसंपदाची का खाजगी ते तलाठ्याकडं विचारा, आणि हा भाग १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तर वनखात्याची परवानगी लागतेच. मग मासेमारी करणाऱ्या काकांसोबत चालत जा, काठी गाळात रोवून बघा किती जाते, जुना ओढा कुठून वाहायचा ते त्यांनाच माहीत असतं.

आणि कृपा करून उघड्या चिखलावर झाडं लावू नका, रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना उथळ मोकळं पाणीच लागतं. झाडं लावायची तर ओढ्याच्या वरच्या काठाला लावा, करंज, उंबर, जांभूळ.