परड्यातली काकडी आणि तिचं बियाणं

काकडी पावसाळ्यात लावायची ही आपल्याकडची रीत, आणि खायला ती ठीकच आहे. पण बी धरायचं असेल तर कोल्हापुरात लागण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करा. जूनमध्ये टोकलेल्या वेलावरचं फळ पिकायला येतं ते ऐन श्रावणाच्या झडीत. तोवर पानांवर केवडा (पिवळे डाग पाडणारा बुरशीचा रोग) आलेला असतो आणि मातीला टेकलेली फळं सडतात. उन्हाळी फळ पावसाळ्याच्या आधी वेलावरच पिकून निघतं.

बी सरळ वाणाचंच, म्हणजे संकरित नसलेलं घ्या. पुणे खिरा किंवा हिमांगी चालेल. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ १' असेल तर त्या काकड्या खा, बी धरू नका. पुढच्या पिढीत प्रत्येक वेल वेगळा निघतो.

वेलासाठी आळी (गोल खड्डे) तीन फुटांवर, दीड फूट रुंद आणि फूटभर खोल काढा. प्रत्येकात दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. शिरोळ-हातकणंगलेकडच्या काळ्या रानात पाणी तुंबतं, म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावर टोका. पन्हाळ्याकडची तांबडी माती लगेच वाळते, तिथे उसाचं पाचट अंथरा, फक्त खोडापासून चार बोटं लांब. रात्रभर भिजवलेल्या तीन-चार बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल टोकून नंतर दोनच जोमदार रोपं ठेवा. वेल मांडवावर चढवा. पाणी रोज थोडं, पण नेमानं द्या. ताण पडला की फळ कडू होण्याची शक्यता वाढते.

पहिले काही दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळतात. घाबरून युरिया टाकू नका, पाला माजतो आणि फळधारणा लांबते. मादी फुलामागे बोटभरसुद्धा नसलेली, लव असलेली काकडी दिसते. ती पिवळी पडून गळत असेल तर बहुधा परागीकरण झालेलं नाही.

बियाण्याचा वेल आधीच ठरवा. हंगामाच्या शेवटी पाल्याआड राहून गेलेली निबर काकडी बियाण्याला ठेवायची सवय मोडायला हवी, कारण तिच्यात परागकण कुठल्या वेलाचे गेले ते कळत नाही. शेजारी तवसं (काकडीचाच एक मोठा प्रकार) असेल तर संकर हमखास होतो. दोडका, दुधी, कारलं यांच्याशी होत नाही, वाळकाशीही नाही. जवळपास दुसऱ्या वाणाची काकडी असेल तर हातानं परागीकरण करा. उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक संध्याकाळी पिवळं दिसतं. अशी एक मादी आणि दोन नर कळ्या दोऱ्यानं हलक्या बांधा. सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून मधला भाग मादीच्या मध्यावर फिरवा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा लावा. काकडी धरली की फळमाशीसाठी पातळ कापडाची पिशवी चढवा. पानं चुरगळलेल्या, ठिपकेदार वेलाचं बी कधीच धरू नका.

एका वेलावर दोन-तीनच फळं पिकू द्या. ती पिकायला लागली की नवी काकडी धरणं मंदावतं, म्हणून खाण्याचे वेल वेगळे ठेवा. साल पिवळी किंवा तपकिरी होईपर्यंत थांबा, मग फळ आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. हिरव्या काकडीतलं बी पोचट निघतं.

बी गरासकट काचेच्या बरणीत काढा, थोडं पाणी घाला, वर फडकं बांधा. उन्हाळ्यात एक-दोन दिवस पुरतात. बीभोवतीचा बुळबुळीत पडदा सुटून वर फेस आला की झालं. जास्त ठेवलं तर बी बरणीतच मोड धरतं. ढवळून तरंगणारं ओतून द्या आणि तळाचं चाळणीत धुवा. कागदावर वाळवू नका, चिकटतं. स्टीलच्या ताटात, सावलीत, वाऱ्यावर पसरा. वाकवल्यावर कट्कन मोडलं तरच डबाबंद करा, वाण आणि साल लिहून. कोरड्या, थंड जागी ते चार-पाच वर्षं टिकतं.

पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. आठवड्यात सातपेक्षा कमी उगवल्या तर आळ्यात दोन बिया जास्त टोका.